मुंबई-पुण्याची माणसं उर्मट, की आपणच हळवे?

पऱ्हाटीवाला | सोमवार, सकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितो आहे. पोरीचं बाळंतपण, मग नातू, अशा निमित्तानं पुण्या-मुंबईला जाणं-येणं वाढलं आहे. तिथं राहण्या-खाण्याचं काही कमी नाही. पण माणसं अशी का बोलतात, ते अजून कळलेलं नाही. दुकानात 'काय पाहिजे?' याच्या पुढं शब्द नाही. पत्ता विचारला तर चालता चालता हात उडवून दिशा दाखवतात. लिफ्टमध्ये राम राम घातला तर समोरचा मोबाइलात डोकं घालतो. आमच्याकडे परका माणूस फाट्यावर उतरला तर कोणाकडे जायचं ते विचारून सोबत पोरगं देतात. उन्हाळा असला तर आधी पाण्याचा गडवा येतो, मग प्रश्न.

माझं मत सरळ आहे. गर्दीनं माणूस तुसडा होतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात २० हजारांच्या वर. एवढ्यांना राम राम घालायचा म्हटलं तर जबडा दुखेल, हे मलाही समजतं. पण जावई वेगळंच सांगतो. म्हणतो, "बाबा, हा उद्धटपणा नाही. इथं एकमेकांना सुखानं जगू देतात." मला ते पटत नाही. जे इकडून तिकडं गेलेत त्यांनी खास लिहा.

बाप्पू_वऱ्हाडी | सोमवार, सकाळी ७:०५

काका, लिफ्टमंधी राम राम? त्या माणसानं आतापावतर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटू टाकला असन. 'हे गृहस्थ कोणत्या फ्लॅटचे?'

दर्यापूरची_लेक | सोमवार, सकाळी ८:३१

लोकलमधून लिहिते आहे, म्हणजे एका हातानं.

माहेर दर्यापूर तालुक्यात, सासर डोंबिवलीला. आल्यावर पहिलं वर्षभर मलाही असंच वाटायचं. दारात उभं राहिलं की मागून धक्का आणि वर 'उतरायचं नाही तर दारात कशाला?' मी घरी येऊन रडायचे. मग कळलं की ती बाई माझ्यावर रागावली नव्हतीच. पुढच्या स्टेशनावर गाडी अर्धा मिनिटही थांबणार नाही आणि तिच्या-माझ्यामध्ये दहा बायका आहेत, एवढाच हिशेब होता. इथं 'माफ करा, जरा सरकता का?' म्हणेपर्यंत स्टेशन मागं पडतं.

पण त्याच डब्यात तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. ती अर्धीच टेकलेली असते, तरी बाकीच्या तिघी सरकतात. कोणी कोणाचं नाव विचारत नाही. निम्मा प्रवास झाला की बसलेल्या उठून उभ्या असलेल्यांना जागा देतात, असेही ग्रुप आहेत. प्लॅटफॉर्मवरून कोणी धावत आलं तर दारातल्या बायका हात धरून आत ओढतात. आत घेतल्यावर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा उर्मटपणा म्हणायचा की काय म्हणायचं, काका?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा रुळांवरून चालत घरी गेलेल्या माणसांना विचारा. ज्या बिल्डिंगमध्ये एरवी कोणी कोणाला ओळख देत नाही, तिथल्या लोकांनी खाली येऊन अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, रात्रभर घरात झोपवलं.

उतरते आता. बाकी संध्याकाळी.

सदाशिव_पेठकर | सोमवार, सकाळी ९:५०

पुणेकर असल्यामुळे गुन्हा आधीच सिद्ध आहे, त्यामुळे बचाव करत नाही. फक्त दुसरी बाजू मांडतो.

नोकरीनिमित्त काही वर्षं पुसदला होतो. घरमालकानं पहिल्या दिवशी, मी बॅग खाली ठेवायच्या आत, पगार विचारला. मग लग्न का झालं नाही, मग वडिलांच्या नावावर काय आहे. दुपारी दार नुसतं लोटलेलं असलं की शेजारचे थेट आत येऊन पलंगावर बसायचे. पोस्टमन माझी पत्रं पानटपरीवर ठेवून जायचा, कारण 'तुम्ही तिकडूनच जाता ना!' माझ्या बदलीची बातमीही मला पानटपरीवरच कळली. ऑर्डर आली दोन दिवसांनी.

हे सगळं प्रेमानं चालायचं, हे मान्य. पण आमच्याकडे याला उद्धटपणाच म्हणतात. पुणेरी पाटी निदान दारावर असते, माणूस ती वाचून परत तरी जाऊ शकतो. पुसदला पाटी नव्हती आणि दारही नव्हतं.

बाप्पू_वऱ्हाडी | सोमवार, सकाळी १०:०२

पेठकर साहेब, पगार सांगतला का नाई मंग?

सदाशिव_पेठकर | सोमवार, सकाळी १०:०९

सांगितला. 'एवढाच?' म्हणाले.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ११:२०

काकांच्या प्रश्नावर थोडी आकडेवारी.

'रीडर्स डायजेस्ट'नं २००६ साली जगातल्या ३५ शहरांत सौजन्याची पाहणी केली होती. तीन गोष्टी तपासल्या. मागून येणाऱ्यासाठी कोणी दार धरून ठेवतं का, कागद खाली पडले तर कोणी उचलू लागतं का, आणि किरकोळ खरेदीनंतर दुकानदार आभार मानतो का. न्यूयॉर्क पहिलं आलं. मुंबई शेवटची.

काका खूश होतील, पण थांबा. रॉबर्ट लेव्हिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात २३ देशांतल्या मोठ्या शहरांत दुसरी चाचणी घेतली. पेन पडलं तर हाक मारून सांगतात का, पाय दुखावलेल्या माणसाची मासिकं उचलून देतात का, अंध माणसाला रस्ता ओलांडायला मदत करतात का. तिथं रिओ दि जानेरो पहिलं, क्वालालंपूर शेवटचं आणि न्यूयॉर्क शेवटून दुसरं! कोलकाता मात्र बरंच वर होतं. म्हणजे काय मोजता त्यावर सगळं.

मुंबईत दुकानाला दार असतं कुठं? शटर असतं. ते कोण कोणासाठी धरून ठेवणार? आणि किराणावाल्यानं आभार मानले तर आपल्यालाच वाटेल, यानं वजनात मारलं की काय.

मात्र एक गोष्ट काकांच्या बाजूची आहे. याच लेव्हिननं अमेरिकेतली ३६ शहरं तपासली, त्यात मदत कमी होण्याशी सगळ्यात जास्त संबंध लोकसंख्येच्या दाटीचा निघाला. शहर नुसतं मोठं असणं तेवढं महत्त्वाचं नव्हतं.

गुरुजी_निवृत्त | सोमवार, दुपारी १२:१५

सर्वांना सप्रेम नमस्कार. कारंज्याहून लिहितो. जिल्हा परिषदेत शिक्षक होतो.

आकडे आपल्या जागी. आमच्या पिढीनं मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' रेल्वेनं प्रवास केला. तिची गती बैलगाडीला लाजवणारी नसे. तिच्यात बसलेल्याला घाई नव्हतीच, त्यामुळे तुसडेपणालाही जागा नव्हती. समोरच्याची शिदोरी सुटली की आपल्या हातावर लोणच्याची फोड यायची.

विदर्भ एक्सप्रेसमध्येही मी हेच पाहिलं आहे. गोंदिया-नागपूरकडून मुंबईला निघालेली माणसं वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत डबे उघडतात, एकमेकांच्या पोरांची शिक्षणं काढतात, कोणाच्या वरच्या बर्थवर कोणाची म्हातारी चढत नसेल तर अदलाबदल करतात. रात्र जाते. सकाळी कल्याण आलं की तीच माणसं, तोच डबा, पण कोणी कोणाकडे पाहत नाही. बॅगा ओढत, खांदे मारत उतरतात. रात्रीतून यांचे संस्कार कुठं गेले? कुठंही गेले नाहीत. आता आपण पुन्हा भेटणार नाही, हे दोघांनाही कळलेलं असतं.

गावात तसं नसतं. आज ज्याला तोडून बोललो, उद्या त्याच्याच बैलजोडीवर पेरणी करायची असते, नाहीतर त्याच्याच घरी लग्नाच्या पंगतीत वाढायला जायचं असतं. जीभ आपोआप आवरली जाते.

निळी_पहाट | सोमवार, दुपारी १:४०

धागा सकाळपासून वाचते आहे. फाट्यावर उतरलेला 'परका माणूस' वाचला आणि राहवलं नाही.

काका, पाण्याचा गडवा येतो हे खरं. 'कोणाकडे जायचं?' हा प्रश्नही प्रेमाचा, हेही धरून चालू. पण उत्तरात बौद्धपुऱ्यातलं घर आलं की पुढं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. माझे आजोबा वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात सालदार होते. मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला त्यांच्यासाठी एक कान तुटलेली कपबशी खोचलेली असायची. चहा रोज मिळायचा. गोड मिळायचा. 'घे रे, गरम आहे' असं मायेनं बोलूनच मिळायचा. कोणी कधी उद्धट शब्द वापरला नाही. कप मात्र आजोबांनीच धुऊन परत खोचायचा.

बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाबद्दल काय बोलले ते शोधून वाचा. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, असा त्यांचा रोख होता. त्या दिवशी संविधानाचा मसुदा मांडताना ते बोलले, म्हणजे सहज निघालेला शब्द नव्हता. गुरुजी म्हणतात तशी जीभ आवरली जाते हे बरोबर. पण कोणाची आणि कोणासमोर?

मी ठाण्याला राहते. लोकलमध्ये मला धक्का बसतो तो सगळ्यांना बसतो तसाच बसतो. धक्का मारणारीला माझं आडनाव माहीत नसतं. तुम्हाला हे तुसडं वाटेल, मला त्यात मोकळा श्वास मिळतो. शहर सोवळं पाळत नाही, असं मी म्हणते असं समजू नका. भाड्यानं घर बघायला गेलं की तिथंही आडनाव विचारतात, वर 'नॉनव्हेज खाता का' हेही विचारतात, आणि ते अगदी सुसंस्कृत आवाजात विचारतात.

आणि गर्दी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर दीक्षाभूमी येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात लाखो माणसं उतरतात, रस्त्यावर झोपतात, भाकरी बांधून आणतात, जाताना पुस्तकं घेऊन जातात. ठिकठिकाणी भोजनदान चालू असतं. मी लहानपणापासून जाते. धक्के लागतात. पण तिथं मला कोणी तुसडेपणानं बोललेलं आठवत नाही. मग गर्दीनं माणूस बिघडतो हे एवढं सरळ कसं?

दर्यापूरची_लेक | सोमवार, दुपारी १:५८

निळी_पहाट, वाचून गप्प बसले.

गुरुजी_निवृत्त | सोमवार, दुपारी २:३०

ताई, आपण लिहिलेलं नाकारत नाही. कपबशी मीही पाहिली आहे. शाळेत पोरांना एकाच माठातलं पाणी प्यायला लावलं तेव्हा मला गावकऱ्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हा गावाची गोड जीभ मला दिसली नाही.

एवढंच म्हणतो की सगळं कठोर बोलणं उर्मट नसतं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात समोरच्या माणसाला सरळ प्रश्न घालायचे. कर्ज काढून जेवणावळी घालता, देवाला बकरं कापता, माणसाला शिवत नाही, हे सगळं तोंडावर विचारायचे. ऐकणारे हसायचे आणि मान खाली घालायचे. बोलायच्या आधी त्यांनी हातात खराटा घेऊन ते गाव झाडलेलं असायचं, म्हणून ऐकून घ्यायचे.

बाप्पू_वऱ्हाडी | सोमवार, दुपारी २:४४

गुरुजी, आता कोणी खराटा घेऊन आला तर पहिले फोटूवाला येते, मंग खराटा येते.

रानमेवा | सोमवार, दुपारी ३:२६

मी आर्वीजवळच्या गावातली, सध्या पुण्यात शिकते. काका, राग मानू नका, पण तुमच्या जावयाशी मी सहमत.

गावी घरातून स्टँडपर्यंत जाताना मला कमीत कमी पाच जण विचारतात, 'कुठी चालली बाई?' नुसतं 'अमरावतीला' म्हणून चालत नाही. कशाला, एकटीच का, परत केव्हा, हे सगळं द्यावं लागतं. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते, त्यात स्टँडवर मी कोणाशी बोलले हेही असतं. विचारणारे सगळे चांगलेच आहेत, अडचणीला धावून येणारेही आहेत. पण पुण्यात रात्री लायब्ररीतून येताना वॉचमनशिवाय मला कोणी काही विचारत नाही. हे सुख गावातल्या पुरुषाला कळायचं नाही, त्याला 'कुठं चालला' विचारणारा त्याच्याबरोबर चहाला येतो.

शहरात बायकांना त्रास नसतो असं म्हणत नाही. गर्दीतला हात हा गर्दीतल्या धक्क्यासारखा नसतो, ते इथल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. तो वेगळा विषय.

पऱ्हाटीवाला | सोमवार, दुपारी ४:१०

बाई, राग कशाचा! माझी पोरगी हेच म्हणते. तिला सुट्टीत गावी बोलावलं तर पहिल्या दिवशी खूश असते, तिसऱ्या दिवशी वैतागते.

निळी_पहाट यांना उत्तर द्यायला मला वेळ लागेल. सध्या एवढंच की वाचलं.

खामगावकर | सोमवार, दुपारी ४:५२

दीक्षाभूमीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं शेगावही बघा.

प्रकटदिनाला किंवा सलग सुट्ट्यांत गजानन महाराजांच्या दर्शनाला जी गर्दी होते ती मुंबईच्या कोणत्याही स्टेशनाला हार जात नाही. लहान गाव, त्यात लाखांनी माणूस. तरी चपला ठेवण्यापासून महाप्रसादापर्यंत पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी तुम्हाला 'माऊली' म्हणतो. 'माऊली, पुढं सरका', 'माऊली, इथून'. तुम्ही ओरडलात तरी तो माऊलीच म्हणतो. हे लोक पगारी नसतात. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. ठरलेल्या दिवसांची सेवा करून घरी जातात. पैसे पुढं केले तर घेत नाहीत.

मीही सेवा केली आहे. मी घरी असा नाही. बायको म्हणते, तिथं 'माऊली माऊली' करता आणि इथं 'चहा कुठं आहे' म्हणून ओरडता. खरं आहे. पण तिथं ओरडावं लागत नाही, कारण रांग कुठून कुठं जाणार ते आधी ठरलेलं असतं, बसायला जागा असते, प्यायला पाणी असतं, लहान मूल असलेल्या बाईचं काय करायचं तेही ठरलेलं असतं. रांगेत कोणी घुसत नाही म्हणून मागच्याला ओरडायचं कारण उरत नाही. माणूस चिडतो तो गर्दीमुळे कमी आणि आपला नंबर कोणीतरी खाईल या भीतीनं जास्त.

वाहक_एसटीचा | सोमवार, रात्री ९:३५

ड्युटी संपली, आता वाचलं. खामगावकरांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून पाच हजार गुण.

खेड्यातली माणसं सभ्य असतात म्हणणाऱ्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या स्टँडवर माझ्या गाडीच्या दाराशी उभं राहून दाखवावं. गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे, टोप्या, थैल्या आत पडतात. एकदा तर पोरगंच आत सोडलं होतं, जागा धरायला. मग दारातून जो शिरतो त्याला सीटवर रुमाल दिसतो आणि सुरू होतं. 'रुमाल कोणाचा?' 'माह्या.' 'नाव लिवलं काय?' हे दोघंही एकाच गावचे असतात, कधी कधी एकाच भावकीतले असतात. गुरुजी म्हणाले ते 'उद्या भेटायचं आहे' वगैरे रुमालापुढं चालत नाही.

मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच फुकट होतं. चांगली गोष्ट. माहेरी वर्षातून एकदा जाणारी आता महिन्याला जाते. पण गाड्या तेवढ्याच. पन्नासच्या गाडीत ऐंशी भरले की पुरुष मंडळी बायांना ऐकवतात, 'फुकटात हिंडून राह्यल्या.' फुकट नाही, अर्धं आहे, हे मी रोज सांगतो. आणि मीही सकाळच्या पहिल्या फेरीला 'या आजी, सांभाळून' म्हणतो आणि चौथ्या फेरीला 'चला वर, आत सरका, काय फोटो काढता काय' म्हणतो. माणूस मीच.

बाप्पू_वऱ्हाडी | सोमवार, रात्री ९:४८

पोट्टं टाकून जागा धरली म्हणजे रिझर्वेशनच झालं ना भौ. रुमाल उचलता येते, पोट्टं कोण उचलन?

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:३०

वाहक साहेबांच्या पहिल्या आणि चौथ्या फेरीत सगळं आलं. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हेच मांडलं होतं. शहरातल्या माणसावर इतक्या गोष्टी एकदम येऊन आदळतात की त्याला लक्ष वाटून द्यावं लागतं. मग तो कमी बोलतो, कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाला टाळायचं ते ठरवतो, चेहरा कोरा ठेवतो. त्याच्याही आधी १९०३ मध्ये बर्लिनच्या गेऑर्ग झिमेलनं शहरी माणसाच्या या कोरडेपणावर लिहिलं होतं. म्हणजे तक्रार सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि तेव्हा बर्लिनमध्ये डोंबिवली लोकल नव्हती.

पऱ्हाटीवाला | मंगळवार, सकाळी ६:१५

मग तालुक्याच्या बँकेचं काय म्हणता? तिथं कुठली मुंबईची गर्दी? या जूनमध्ये पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेलो होतो. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकी दाखले, सगळं फाइलला लावून. काउंटरवरचा मान वर न करता म्हणतो, 'लिंक नाही, उद्या या.' उद्या गेलो तर 'साहेब मीटिंगला.' आमच्या गावचाच एक ठेकेदार कडक इस्त्रीत आला, त्याला आत नेऊन खुर्ची दिली, चहा सांगितला. लिंक तेव्हा आली होती बहुतेक.

पुण्यात मला कोणी विचारलं नाही, पण असं घालून-पाडूनही कोणी बोललं नाही. हे रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं.

काउंटरच्या_आतला | मंगळवार, सकाळी ८:००

काका, तुमची बँक कोणती ते विचारत नाही, आमचीही सांगत नाही. मी अशाच एका शाखेत काउंटरला आहे.

जूनमध्ये काय होतं सांगतो. मार्चअखेर कर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून त्या सुमारास एक लोंढा. मग पेरणीच्या तोंडावर नूतनीकरणाचा दुसरा. त्यात पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की त्या दिवशी अख्खा परिसर पासबुक घेऊन दारात. आमच्याकडे वीसेक गावं आणि काउंटरला आम्ही दोघं, त्यातला एक रजेवर. 'माझे पैसे आले काय?' हा प्रश्न दुपारी तीनपर्यंत शंभरदा ऐकल्यावर एकशे एकाव्याला मी काय बोलतो ते मलाच घरी गेल्यावर आठवत नाही. सकाळी दहाच्या माणसाला मी 'बसा' म्हणतो, विचारा कोणालाही.

ठेकेदाराच्या चहाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो साहेबांचा विषय आहे.

निळी_पहाट | मंगळवार, सकाळी ८:२२

काउंटरच्या_आतला, प्रामाणिकपणे लिहिलंत. पण बघा ना, शंभराव्याला चिडलात तेव्हा समोर धोतर-लुगडंवालाच होता. तीन वाजता ठेकेदार आला असता तर आवाज चढला असता का? थकवा सगळ्यांवर सारखा निघत नाही. ज्याच्यावर काढता येतो त्याच्यावरच निघतो.

सदाशिव_पेठकर | मंगळवार, सकाळी ९:१५

हे शेवटचं वाक्य आमच्या पुण्यालाही लागू. रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, घरकामाच्या मावशी, यांच्याशी आम्ही ज्या सुरात बोलतो त्या सुरात सोसायटीच्या चेअरमनशी कोणी बोलल्याचं ऐकिवात नाही. दुपारी एक ते चार शटर बंद ठेवणारा निदान सगळ्यांनाच सारखं बंद ठेवायचा.

खामगावकर | मंगळवार, सकाळी ९:४०

बँकेत टोकन यंत्र लावलं तर निम्मी भांडणं मिटतील. ठेकेदाराचा नंबर बोर्डावर सगळ्यांना दिसेल.

काउंटरच्या_आतला | मंगळवार, सकाळी ९:५५

लावलं आहे. बंद आहे.

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी १०:३०

बँकेच्या तक्रारींना वेगळा धागा आहे. कोणत्याही शाखेचं किंवा माणसाचं नाव येऊ देऊ नका. मूळ विषय: शहरातला उर्मटपणा.

पऱ्हाटीवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मूळ विषयावर येतो, धागा मीच काढला आहे.

निळी_पहाट ताई, आमच्या घरीही वळचण होती. माझ्या बापाच्या काळात होती. आता नाही, पण जेवणाच्या पंगती कशा बसतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. 'परका माणूस' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं जो माणूस होता, तो बहुतेक माझ्यासारखाच होता. एवढं कबूल करून पुढं जातो, कारण माझा प्रश्न तरी उरतोच.

गर्दीनं माणूस तुसडा होतो हे माझं मत शेगावनं आणि दीक्षाभूमीनं अर्धं पाडलं, वाहक साहेबांच्या रुमालानं उरलेलं पाडलं. पण जावयाचं 'सुखानं जगू देतात' हेही मला पूर्ण पटलेलं नाही. रानमेवाला ते सुख आहे, ते ठीक. ती बावीस वर्षांची आहे, तिला विचारणारे नको आहेत. मी सत्तरीला आलो. मला दिवसभरात कोणी 'कुठी चालले काका' विचारलं नाही तर मी आहे की नाही असं वाटायला लागतं. तिथं नातू शाळेत, पोरगी-जावई कामाला, संध्याकाळी सातपर्यंत मी आणि टीव्ही. लिफ्टमधला तो राम राम मी कोणाला शिकवण लावायला घालत नव्हतो.

दिवाळीनंतर पुन्हा तीन महिने जायचं आहे. काय करू ते सांगा.

दर्यापूरची_लेक | मंगळवार, रात्री ८:२०

काका, लिफ्टमध्ये बोलू नका. तिथं लोक मनातल्या मनात मजले मोजत असतात. गेटवर बोला. सोसायटीचा वॉचमन कुठला ते विचारा. पुण्यात कितीतरी वॉचमन आपल्याकडचेच निघतात, बुलढाणा, वाशीम, नाहीतर नांदेड. सकाळी दूध आणायला तुम्ही जा, जावयाला जाऊ देऊ नका. रोज एकाच दुकानातून आणा. चौथ्या दिवशी दुकानदार 'नेहमीचंच ना काका?' म्हणेल. शहरातला राम राम तोच आहे. आणि बागेत पाचनंतर म्हाताऱ्यांची बैठक असते. पहिले दोन दिवस कोणी बोलणार नाही, तुम्ही नुसते बसा.

सदाशिव_पेठकर | मंगळवार, रात्री ८:४१

बागेतल्या बैठकीत एक जागा ठरलेली असते. त्या बाकावर बसू नका. बाकी सगळं दर्यापूरच्या लेकीनं बरोबर सांगितलं. कोणत्या भागात राहता ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, जवळ असलो तर येईन. पगार विचारणार नाही.

पऱ्हाटीवाला | बुधवार, सकाळी ६:३०

पेठकर साहेब, कळवलं आहे.

वॉचमनबद्दल रात्री पोरीला फोन करून विचारलं. तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. नातवाला माहीत होतं. मंगरूळपीरकडचा आहे म्हणे, आणि सुट्टी मागून राह्यला पेरणीसाठी.

वाहक_एसटीचा | बुधवार, सकाळी ७:१०

मंगरूळपीरकडे काल रात्री बरा पडला. गाडी थांबवावी लागली होती. दारव्ह्याला काय आहे?

पऱ्हाटीवाला | बुधवार, सकाळी ७:२५

नुसतं भरून येते. तासभर टिपटिप झाली. शेजारच्यानं धूळपेरणी करून टाकली, मी थांबलो आहे. तूर-सोयाबीन दोन्हीचं बियाणं घरात आणून ठेवलं.

खामगावकर | बुधवार, सकाळी ७:४०

सोयाबीन घाईनं टाकू नका. जमिनीत चांगली ओल झाल्याशिवाय दुबार पेरणीची पाळी येते. घरचं बियाणं असलं तर उगवण तपासली का?

व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ९:००

मंडळी, पेरणीसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

बाप्पू_वऱ्हाडी | बुधवार, सकाळी ९:०४

तुमीच काढा साहेब. आमी वावरात आहो.